नाण्यावरचे चित्र कुणासाठी?

शिवराई हा तांब्याचा पैसा सातारा-सांगलीच्या वाचकाला ओळखीचा आहे. शेत नांगरताना निघतो, नदीकाठच्या मातीत सापडतो, जुन्या भांड्यांच्या ढिगातही हाताला लागतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ, एवढाच त्याचा थाट. राजाचा चेहरा नाही, देवता नाही, जिंकलेला किल्ला नाही. त्याच्याशेजारी रोमन सम्राटाचे चांदीचे दिनारियस ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. तिथे पुढच्या बाजूला माथ्यावर लॉरेलच्या पानांची माळ घातलेला सम्राट, मागे देवी, रथ, मंदिर, पकडलेला शत्रू आणि कडेने पदव्यांची लांबलचक ओळ. ही दोन नाणी पाहून बहुतेकांचे मत चटकन ठरते. रोमन नाणे बोलके, आपले मुके. त्यांच्याकडे प्रतीकांचे शास्त्र, आपल्याकडे नुसते नाव. हे मत मला चुकीचे वाटते, आणि ते चुकीचे का हे सांगताना रोमन नाण्यांकडे पाहण्याची रूढ रीतही थोडी बाजूला सारावी लागेल. पुढील पानांत रोमची नाणी, दख्खनची प्राचीन नाणी आणि मराठेशाहीची नाणी एकत्र ठेवली आहेत ती त्यासाठीच.

रोमन नाण्यांची चित्रभाषा श्रीमंत आहे यात वाद नाही. ऑगस्टसने इजिप्त घेतल्यावर इ. स. पूर्व २८-२७ च्या सुमारास नाण्यावर मगर आली आणि तिच्याभोवती ‘इजिप्त जिंकला’ एवढीच अक्षरे. वेस्पासियनने यहुद्यांचे बंड मोडले तेव्हा खजुराच्या झाडाखाली मान खाली घालून बसलेली स्त्री अवतरली. नीरोने जानुसच्या मंदिराची बंद दारे कोरवली, कारण ती दारे बंद असणे म्हणजे साम्राज्यात कुठेही युद्ध नसणे. हेड्रियनने आपल्या प्रांतांना एकेका स्त्रीचे रूप दिले. याखेरीज गुणांच्या देवतांची भलीमोठी रांग आहे. हातात तराजू असेल तर ती एक्विटास, म्हणजे चोख न्याय. सापाला भरवणारी ती सालुस, म्हणजे आरोग्य आणि क्षेम. जुळलेले दोन हात म्हणजे फिदेस, इमान. पाश-अंकुश दिसले की गणपती ओळखावा, तशी ही ओळख हातातल्या वस्तूवरून पटे. अक्षरे वाचता येण्याची गरज नव्हती. एवढी तयारी पाहून अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की वर्तमानपत्र नसलेल्या काळात नाणे हेच सम्राटाचे वर्तमानपत्र होते. लाखो हातांतून फिरणारा दुसरा कागद तेव्हा नव्हता, म्हणून सम्राटाला प्रजेशी जे बोलायचे ते तो नाण्यावर बोले, असे हे मत आहे.

या मताला घरचा आहेर मिळाला तो इतिहासकारांकडूनच. ए. एच. एम. जोन्स यांनी १९५६ मध्ये विचारले की टपालाच्या तिकिटावरची चित्रे पाहून कुणी सरकारचे धोरण ठरवत नाही, मग रोमन नाण्यावरच्या चित्रांना एवढे वजन का? बार्बरा लेव्हिक यांनी १९८२ मध्ये निराळाच मार्ग काढला. त्यांच्या मते ही चित्रे प्रजेसाठी नसून खुद्द सम्राटाला खूश करण्यासाठी होती; टांकसाळीचे अधिकारी त्यात आपल्या धन्याचा गौरव करत. दोन्ही मते वाचण्यासारखी आहेत, पण दोन्ही मतांत एक माणूस वगळला जातो. बोलणारा सम्राट आहे, चित्र काढणारा कारागीर आहे, पाहणारी प्रजाही आहे. पण नाणे घेऊन माल देणारा दुकानदार कुठे आहे? नाणे घेणारा त्याला दाद देत नसतो, त्याच्यावर पैज लावत असतो. आज मी हे घेतले तर उद्या दुसरा माझ्याकडून घेईल का, एवढाच त्याचा प्रश्न. नाण्यावरचे प्रत्येक चिन्ह आधी या प्रश्नाला उत्तर देते, आणि त्या उत्तराच्या आडोशाने राजाला जे बोलायचे ते बोलता येते. या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते हेच. रोममध्येही लोक नाण्याकडे असेच पाहत, याचा एक चांगला पुरावा तत्त्वज्ञ एपिक्टेटसच्या प्रवचनांत आहे. माणसाच्या स्वभावाबद्दल बोलताना तो नाण्याचा दाखला देतो: छाप ट्राजनचा असेल तर घ्या, नीरोचा असेल तर फेका, ते चालणार नाही. दाखला आहे नीतीचा, पण ऐकणाऱ्याला तो पटावा म्हणून बाजारातली सवय उचलली आहे. चेहरा पाहायचा तो नाणे चालेल की नाही हे ठरवायला.

इ. स. ६९ हे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. नीरोने ६८ मध्ये आत्महत्या केली आणि पुढच्या वर्षी एकामागून एक चार सम्राट झाले. त्यांतल्या ओथोला जेमतेम तीन महिने मिळाले. त्याच्या नाण्यांवर ‘रोमन जनतेची सुरक्षितता’ आणि ‘पृथ्वीवर शांती’ अशी अक्षरे आहेत, आणि ती पाडली जात होती तेव्हा र्‍हाइनच्या फौजा इटलीकडे चालून येत होत्या. त्याच्यानंतर आलेल्या व्हिटेलियसने जुळलेल्या हातांभोवती ‘सैन्याचे इमान’ असे कोरवले. वर्ष संपण्याआधी दुसऱ्याच सैन्याने त्याला रोममध्ये ठार केले. यावरून हसणे सोपे आहे, आणि अनेकांनी हसूनही घेतले आहे. पण प्रचार म्हणून पाहिले तर हा प्रचार फारच गबाळा ठरतो. इतका दुबळा दावेदार काहीतरी नवे, लक्षवेधी चित्र शोधेल असे वाटते. प्रत्यक्षात या मंडळींनी शिपायाच्या हाताला सवयीच्या जुन्याच देवता वापरल्या. कारण उघड आहे. ज्याचे आसन डळमळते त्याला आपले नाणे नेहमीसारखे दिसण्याची गरज सर्वांत जास्त. पगार हातात पडलेला शिपाई दारूच्या दुकानात जाणार, आणि दुकानदाराला नवा सम्राट कोण हे नीट ठाऊकही नसणार. नाण्याचा चेहरामोहरा परिचयाचा असला की घासाघीस टळते. अनोळखी नाव परिचित चौकटीत बसवले की ते खपते, हे ओथोच्या टांकसाळीतल्या माणसांना कुठल्याही वक्तृत्वशास्त्रापेक्षा चांगले कळत होते.

तरी एक आक्षेप राहतोच. घेणाराच महत्त्वाचा, तर रोमन नाण्याची मागची बाजू सतत का बदलत राहिली? सवयीवर सगळे चालत असेल तर एकच चित्र शतकभर पुरले असते. याचे उत्तर नाण्याच्या दोन बाजूंच्या कामाच्या वाटणीत आहे. पुढची बाजू म्हणजे सम्राटाचे मस्तक. ते जागचे हलत नाही. त्याने हमीचे काम केले की मागची बाजू मोकळी होते, आणि तिथे मगर काढा की मंदिर काढा, व्यवहाराला धक्का लागत नाही. शिवाय नव्या नाण्यांचा पहिला मोठा घेणारा होता सैनिक, आणि त्याच्याशी सम्राटाचे काहीतरी बोलणे असेच. म्हणून संदेश होता हे मी नाकारत नाही. तो हमीच्या पाठीवर बसून गेला, एवढेच माझे म्हणणे. हमीच ढासळली तेव्हा संदेशाचे काय झाले तेही पाहता येते. सम्राट गॅलिएनसच्या काळात, इ. स. २६० च्या दशकात, ‘चांदीच्या’ नाण्यात शंभरातले पाच भागही चांदी उरली नव्हती. देवतांची रांग मात्र पूर्वीइतकीच लांब होती. लोकांनी चित्रे पाहिली नाहीत. जुनी जड नाणी पुरून ठेवली.

रोमन नाणी भारतात आली तेव्हा हा प्रयोग जणू मुद्दाम मांडल्यासारखा स्वच्छ झाला, कारण इथे सम्राटाचा संदेश ऐकणारे कुणीच नव्हते. रोमन लेखक प्लिनीने तक्रार केली आहे की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. आकडा किती मोजूनमापून काढला होता हे बाजूला ठेवू. सोने-चांदी येत होती एवढे नक्की. आणि आपल्याकडच्या माणसांनी काय निवडले? दक्षिण भारतात सापडलेल्या चांदीच्या रोमन नाण्यांत दोनच छाप पुन्हा पुन्हा भेटतात. एक ऑगस्टसचा, ज्याच्या मागे त्याचे दोन नातू ढाली-भाल्यांसह उभे आहेत. दुसरा टायबेरियसचा, ज्याच्या मागे हातात राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री आहे. रोमला या चित्रांतून वारसाहक्क आणि शांतता सांगायची होती. त्या नातवांपैकी एकही गादीवर बसला नाही, दोघेही तरुणपणीच मेले. इथल्या व्यापाऱ्याला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. त्याने पाहिले ते एवढेच की या छापाची चांदी चोख असते. नीरोने इ. स. ६४ मध्ये दिनारियसचे वजन आणि कस दोन्ही उतरवले आणि त्यानंतरची चांदीची नाणी भारतात फार थोडी सापडतात. वारसांचे चित्र त्याच्या मूळ देशात निरर्थक झाल्यावरही इथे चोखपणाची खूण म्हणून चालत राहिले. तेरसारख्या ठिकाणी अशा नाण्यांचे ठसे मातीच्या चकत्यांवर उठवून, भोक पाडून, गळ्यात घालण्यासाठी वापरलेले मिळाले आहेत. त्यांवरची लॅटिन अक्षरे म्हणजे नुसत्या काड्या. तुळजापूरच्या वाटेवर उभ्या कुणा बाईच्या गळ्यात टायबेरियसचे मस्तक होते, आणि ते कुणाचे हे तिला ठाऊक नव्हते, असे मानायला हरकत नाही.

दक्षिणेत सापडलेल्या सोन्याच्या रोमन नाण्यांपैकी कित्येकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा आडवा घाव आहे. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईच्या साठ्यात तर बहुतेक नाण्यांची हीच गत आहे. हा मूर्तिभंजनाचा प्रकार, असे काहीजण म्हणतात. सोने आतून खरे आहे का याची परीक्षा, असे दुसरे म्हणतात. मला दोन्ही अपुरे वाटते. परीक्षाच करायची तर कडेला छेद पुरतो, आणि त्याने नाण्याची शोभा जात नाही. चेहऱ्याचा द्वेष असता तर नाणे वितळवणे सर्वांत सोपे. घाव चेहऱ्यावर घातला आणि सोने तसेच ठेवले, याचा सरळ अर्थ असा की घाव घालणाऱ्याला चेहऱ्याचे काम माहीत होते. चेहरा गेला की ते नाणे उरत नाही, वजनावर विकायचे सोने उरते. म्हणजे चित्राचा अर्थ इथे कळत नव्हता असे नाही. त्यातला एकच अर्थ कळत होता, आणि व्यवहाराला तेवढा पुरेसा होता.

दख्खनमध्ये याच काळात चेहऱ्याची नाणी घरची म्हणूनही पाडली गेली. क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचे मस्तक आहे, भोवती ग्रीक अक्षरांची ओळ आहे, मागे बाण आणि वज्र आहे. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या फार पूर्वीच्या ग्रीक राजांची नाणी अजून चालतात अशी नोंद ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गाच्या वर्णनात आहे. तेव्हा नहपानाने चेहरा आणि ग्रीक अक्षरे का उचलली ते वेगळे सांगायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यात अशी सुमारे १३,२५० नाणी होती. ती नीट पाहिली की एक गोष्ट खटकते. नाव एकाच राजाचे, पण चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी तरुण, कुणी म्हातारा, कुणाचे नाक बाकदार, कुणाचे बसके. घराण्यातल्या निरनिराळ्या माणसांची ही चित्रे असावीत असा तर्क केला गेला. मला साधे कारण जास्त पटते. चेहरा हुबेहूब असण्याची गरज नव्हती, चेहऱ्याच्या जागी चेहरा असण्याची होती.

पण याच साठ्यातून माझ्या मांडणीवर सर्वांत जोरदार आक्षेप येतो. त्यातल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला आहे: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांची जोडणी असलेले उज्जैन चिन्ह. शत्रूच्या तोंडावरच डोंगर उभा केला! चिन्ह ही फक्त चलनाची हमी असती, तर हजारो नाणी एकेक करून पुन्हा ठोकण्याचा खटाटोप कशासाठी? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा काही भाग मला मान्यच करावा लागतो. हा विजयाचा उद्घोष आहेच. तरी गौतमीपुत्राने काय केले नाही तेही पाहिले पाहिजे. त्याने ही चांदी वितळवली नाही, वजन बदलले नाही, नवा आकार दिला नाही. ठसा असा बसवला की खालून नहपानाचे नाक-कान आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावत राहतात. ते झाकायचे असते तर झाकता आले असते. लोकांच्या हातातली नाणी क्षत्रपांची होती, राज्य पालटले होते, आणि घेणाऱ्याच्या मनात एकच शंका होती: आता हे चालेल का? डोंगराच्या ठशाने सांगितले, चालेल. विजयाची घोषणा आणि चलनाची हमी एकाच घावात बसल्या, आणि घोषणेला पाय दिले ते हमीने. हजारो वेळा ठसा मारण्याचा खर्च नुसत्या मिरवण्यासाठी कुणी केला नसता असे मला वाटते. तुमचे मत वेगळे असू शकते, पण मग खालचे नाक का ठेवले याचे उत्तर द्यावे लागेल.

कृष्णा-पंचगंगेच्या आपल्या पट्ट्याकडे येऊ. कऱ्हाडचे नाव भरहुतच्या दानलेखांत येते, आगाशिवच्या डोंगरात लेणी आहेत, आणि कुंभार्ली घाटाने कोकणात उतरायला वाट आहे. तेव्हा समुद्रावरून येणाऱ्या मालाला हा मुलूख परका नव्हता. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती त्याची साक्ष देते. पण याच कोल्हापूर भागात विळिवायकुर आणि सिवलकुर या राजांनी शिशाची आणि मिश्रधातूची जी नाणी पाडली, त्यांवर चेहरा नाही. डोंगर, कठड्यातले झाड आणि मागे दोर चढवलेले धनुष्य-बाण. त्यांतला विळिवायकुर भूगोलकार टॉलेमीला ‘बालेओकूरोस’ या नावाने माहीत होता, म्हणजे रोमन जगाशी संबंध होता. तरीही रोजच्या बाजाराचे नाणे रोमन तऱ्हेचे झाले नाही. चांदी-सोने दूरच्या गिऱ्हाइकाशी बोलते म्हणून त्याला दूरची भाषा लागते, शिसे-तांबे गावातच फिरते म्हणून ते गावच्या खुणा घेते. ही विभागणी सुमारे सोळाशे वर्षांनी साताऱ्यात जशीच्या तशी भेटेल.

मधल्या काळातला एक पुरावा मात्र सोडवत नाही. कलचुरी राजा कृष्णराज सहाव्या शतकाच्या मध्यावर होता. त्याच्या छोट्या चांदीच्या नाण्यांवर क्षत्रपांपासून झिजत आलेला चेहरा आणि मागे नंदी आहे. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटात, इ. स. ७१० च्या सुमारास, दंडाची रक्कम ‘कृष्णराज रूपकां’त सांगितली आहे. राजा जाऊन दीडशेच्या आसपास वर्षे झालेली, घराणेही गेलेले, आणि व्यवहार त्याच्या नावाने चाललेला.

आता शिवराई. ती हातात घेऊन पाहा. तांब्याचा जाड, ओबडधोबड गोल तुकडा, दहा-बारा ग्रॅम वजनाचा. कडा कुठे फाटलेली, कुठे दबलेली. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असल्यामुळे ‘श्री’चा अर्धा भाग बाहेर गेलेला, ठिपक्यांचे वर्तुळ एकाच बाजूला उरलेले. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. एखाद्या नाण्यावर अक्षर उलटे पडलेले, कारण ठसा खोदणाऱ्याला ते वाचता येत नव्हते. काहींवर सूर्य-चंद्र, पान, तलवार अशा बारीक खुणा. उशिराच्या ‘दुदांडी’ शिवराईवर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेले हे नाणे शिवाजी महाराजांनंतर त्यांच्याच नावाने पाडले जात राहिले. शाहू महाराजांनी १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक करवून घेतला, त्यांच्या नावाचीही तांब्याची नाणी आहेत, पण बाजारात ओघ राहिला तो ‘राजा शिव’चाच. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, आणि त्यानंतरही आठवडे बाजारात शिवराई चालत होती. कृष्णराजाच्या रूपकाची गोष्ट इथे मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली. फरक एवढाच की या नावाभोवती लोकांची भक्तीही होती. पण नुसत्या भक्तीने पैसा दोनशे वर्षे चालत नाही, त्याला वाण्याचाही होकार लागतो.

इथे आक्षेप येईल, आणि तो मराठी वाचकाकडूनच यावा. शिवाजी महाराजांनी फारसीच्या काळात देवनागरी अक्षरांचे नाणे काढले, ही तर सवयीविरुद्धची उडी. मग नाणे सवयीवर चालते हे म्हणणे टिकते कसे? उडी होती यात शंका नाही. पण ती कुठून घेतली ते पाहावे. सोन्याचा शिवराई होन, ज्याचे आज मोजकेच नमुने उरले आहेत, दिसायला कसा आहे? लहान, जाडसर, तीन ओळींत नागरी अक्षरे. विजयनगरचा होनही असाच होता. त्यावरही राजाचे नाव नागरीत ओळीओळीने येई. तालिकोटची लढाई १५६५ मध्ये झाली, पण विजयनगरचे होन त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. सभासद बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची जी यादी आहे, तिच्यात अच्युतराई आणि देवराई होन आहेत, पुतळ्या आहेत, पातशाही होन आहेत. म्हणजे नागरी होन दख्खनच्या सावकाराच्या बोटांना माहीत होता. महाराजांनी परक्या चौकटीत नवे नाव घातले नाही. मागे पडत चाललेली ओळखीची चौकट उचलली आणि तीत स्वतःचे नाव बसवले. सार्वभौमत्वाचा दावा पूर्ण झाला आणि घेणाऱ्याचा हातही अडखळला नाही. हे राजकारण मला रोमन मगरीपेक्षा खोल वाटते.

महाराजांना हे कळत होते याचा पुरावा त्याच वर्षाचा आहे. राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर होता. इंग्रजांच्या मागण्यांत एक अशी होती की मुंबईत पाडलेले त्यांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. उत्तर मिळाले त्याचा आशय असा: आम्ही कुणाच्याही नाण्याला बंदी करत नाही, आणि ज्यात रयतेला तोटा होईल ते नाणे घेण्याची सक्तीही करू शकत नाही, तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके चोख आणि वजनदार असेल तर ते चालेल. छत्र धारण करून अवघे काही दिवस झालेला राजा, ज्याच्या हातात नुकताच स्वतःच्या नावाचा ठसा आला आहे, तो सांगतो की छापाने नाणे चालत नाही. टांकसाळीच्या इतिहासात याहून नेमके काही वाचल्याचे मला आठवत नाही.

रुपयाकडे वळले की अनेकांचा हिरमोड होतो. मराठे दिल्लीपर्यंत धडक मारत होते, आणि त्यांच्या टांकसाळीत, पुण्यात काय नि पटवर्धनांच्या मिरजेत काय, चांदीच्या रुपयावर फारसीत शाहआलमचे नाव! स्वाभिमान कुठे गेला, असे विचारले जाते. उत्तर कोल्हापूरच्या शिशाच्या नाण्यात आधीच येऊन गेले आहे. तांबे गावात फिरते, तिथे ‘राजा शिव’ पुरते. रुपया मिरजेहून बुऱ्हाणपूर, सुरत, काशी असा जाणार, आणि वाटेतल्या प्रत्येक सराफाने त्यावर बट्टा कापण्याआधी ओळखीचे काहीतरी दिसले पाहिजे. ते ओळखीचे काहीतरी म्हणजे बादशहाचे नाव. दिल्लीत बादशहाला कुणी विचारत नसे, सराफकट्ट्यावर मात्र त्याचा शब्द चाले. कर्जाच्या कागदात नुसते ‘रुपये शंभर’ असे भागत नसे; कुठल्या टांकसाळीचे, कोणत्या छापाचे, हे लिहावे लागे. तो छाप ओळखायला सराफ फारसी वाचत बसत नव्हता. तो कोपऱ्यातली खूण पाही. पुण्याच्या रुपयावर अंकुश होता, म्हणून तो अंकुशी रुपया. गणपतीचे आयुध म्हणून पेशव्यांनी अंकुश घेतला असे सांगतात, आणि गणपती हे पटवर्धनांचेही दैवत असल्यामुळे सांगली-मिरजेच्या वाचकाला ते सहज पटते. पटावेही. पण देवाची खूण आणि टांकसाळीची खूण यांत भांडण नाही. रोमच्या उत्तरकाळात अँटिऑक किंवा ट्रिअरच्या टांकसाळीची अक्षरे नाण्याच्या तळाशी येत, तेच काम अंकुशाने केले, आणि वर देवाचे अभयही दिले. कंपनी सरकारने १८१८ नंतर पुण्याची टांकसाळ चालू ठेवली तेव्हा त्यांनी अंकुश काढला नाही. साहेबाची गणपतीवर श्रद्धा बसली म्हणून नव्हे. अंकुश काढला असता तर भाव पडला असता.

कंपनीच्या तांब्याच्या पैशात तर रोम आणि दख्खन एकमेकांना नकळत भेटतात. मुंबई इलाख्यासाठी १७९१ पासून विलायतेत यंत्रावर पाडून आणलेल्या पैशावर तराजू आहे आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसी अक्षरांत ‘अदल’, म्हणजे न्याय. ही एक्विटासच; फक्त देवी उठून गेली आहे आणि तिच्या हातातला तराजू मागे राहिला आहे. बर्मिंगहॅमच्या ठसे खोदणाऱ्यांना रोमन तराजू पाठ होता आणि इथल्या माणसाला ‘अदल’ हा शब्द कचेरीत ऐकून माहीत होता. व्यापाऱ्यांच्या कंपनीने तराजू मिरवावा यात थोडा विनोद आहे, पण तो तेव्हाच्या दुकानदारालाही कळला असेल. बंगालमध्ये कंपनीने शाहआलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष रुपयावर कायमचे गोठवले, कारण जुन्या सालाच्या रुपयावर सराफ जास्त बट्टा घेत. तारखेला काळ सांगण्याचे काम उरले नाही. तीही एक खूण झाली. मग १८३५ मध्ये सगळ्या मुलखासाठी एकच रुपया आला आणि त्यावर चौथ्या विल्यमचे मस्तक उमटले. कृष्णराजाच्या झिजलेल्या चेहऱ्यानंतर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राजाच्या चेहऱ्याचे नाणे असे सरसकट पुन्हा आले ते तेव्हा. त्या चेहऱ्याला स्वीकारायला लोकांना राजावर प्रेम करावे लागले नाही. यंत्राची गोल कड, ठरलेले वजन आणि खजिन्यात सरकारसारा म्हणून तोच घेतला जाण्याची खात्री, एवढ्यावर काम झाले.

हे सगळे ऐकून एक शेवटचा आक्षेप घेता येतो, आणि तो कलेच्या अभ्यासकाचा आहे. तुम्ही प्रतीकांचे मोल सराफाच्या तागडीत घालता. मगर, डोंगर, अंकुश या सर्वांचा अर्थ ‘चालेल’ एवढाच उरत असेल तर त्यांचा अभ्यास कशाला करायचा? माझे म्हणणे इतके कोरडे नाही. कुठली खूण चालेल हे तिच्यात साठलेल्या अर्थावरच ठरते. डोंगराला पूज्यता होती म्हणून गौतमीपुत्राने डोंगर निवडला. अंकुशात विघ्नहर्ता होता म्हणून त्याचा छाप लोकांनी जिव्हाळ्याने घेतला. ‘राजा शिव’ या दोन शब्दांत काय होते ते साताऱ्यात सांगायला नको. बाजार अर्थ पुसत नाही, तो अर्थाची परीक्षा घेतो, आणि परीक्षेत उतरलेली चिन्हेच शतके टिकतात. पुतळ्यांच्या माळेचे पाहा. व्हेनिसचे सोन्याचे डुकॅट इकडे पुतळी म्हणून येत. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला शासक होता. सोने अतिशय चोख, म्हणून त्याची माळ झाली. पुढे सोनारांनी तसल्याच चकत्या घडवताना त्यांवर लक्ष्मी, राम-सीता आणल्या. परक्याचा अर्थ गळाला, आकार राहिला, आणि त्या आकारात घरचा अर्थ येऊन बसला.

म्हणून या पुस्तकात नाणी राजांच्या वंशावळीनुसार लावलेली नाहीत. प्रत्येक प्रकरण एका साठ्यापासून किंवा एका बाजारपेठेपासून सुरू होते: कोणती नाणी एकत्र सापडली, त्यांवर कुणी घाव घातला, कुणी भोक पाडले, कुणी पुन्हा ठसा मारला, कोणती झिजून गुळगुळीत झाली आणि कोणती कोरी राहिली. चित्राचे वर्णन त्यानंतर येते. झिजलेल्या नाण्यांची छायाचित्रे मुद्दाम जास्त घेतली आहेत. संग्राहकाला ती कमी किमतीची वाटतात, पण सर्वांत जास्त हातांतून तीच गेलेली असतात.